क्लिंगॉनांचं कपाळ आणि प्रेक्षकांची आठवण

एका अंतराळ स्थानकावरच्या मद्यगृहात चौघे जण वेषांतर करून बसले आहेत. ते आलेत भविष्यातून, शंभरेक वर्षं मागे. त्यांच्यातला एक वर्फ. हा क्लिंगॉन या परग्रहावरच्या जमातीचा योद्धा आहे, त्याच्या कपाळावर नाकापर्यंत उतरलेले हाडांचे उंच कंगोरे आहेत आणि ते झाकायला त्यानं डोक्याला फडकं गुंडाळलंय. पलीकडे क्लिंगॉन बसलेत असं वाढणारी मुलगी सांगते. उरलेले तिघे वळून पाहतात, तर तिथं दाट भुवयांची, दाढीमिशांची, सावळा रंग फासलेली साधी माणसं. कपाळं तुमच्याआमच्यासारखी सपाट. तिघांच्या नजरा सावकाश वर्फकडे वळतात. एकाला शंका येते की हा जनुकांतल्या फेरफाराचा परिणाम असेल, दुसऱ्याला वाटतं एखाद्या विषाणूनं हे केलं असेल. वर्फ ताठ बसून सांगतो की ते क्लिंगॉनच आहेत, गोष्ट मोठी आहे आणि ती आम्ही परक्यांशी बोलत नाही.

‘स्टार ट्रेक’च्या ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेतला हा प्रसंग १९९६ सालचा. मूळ मालिकेला तीस वर्षं झाली म्हणून हा खास भाग केला होता. १९६७ सालच्या एका भागाच्या जुन्या फितीत नव्या नटांना संगणकाच्या मदतीनं बेमालूम बसवलं होतं. पडद्यावरचं ते कोडं जगभरच्या चाहत्यांचं फार जुनं कोडं होतं आणि त्याचं उत्तर मिळायला आणखी नऊ वर्षं जायची होती. ते उत्तर आलं एका अशा मालिकेतून, जिच्यावर याच चाहत्यांनी चार वर्षं टीकेची झोड उठवली होती. प्रेक्षकाची आठवण किती ताकदीची असते हे मला या एका कपाळाच्या गोष्टीइतकं दुसरीकडे कुठं दिसलेलं नाही.

मुळात कपाळ बदललं का? याचं खरं कारण अगदी साधं आहे. मार्च १९६७ मध्ये क्लिंगॉन पहिल्यांदा पडद्यावर आले, तेव्हा दर आठवड्याला एक भाग उभा करायचा होता आणि हाताशी पैसा थोडा, वेळ त्याहून थोडा. रंग, दाढी, भुवया एवढ्यावर रंगभूषा भागवली. १९७९ साली ‘स्टार ट्रेक’चा पहिला चित्रपट आला. आता पैसा होता, म्हणून क्लिंगॉनांना कपाळाचे कंगोरे मिळाले. पुढे १९८७ च्या ‘नेक्स्ट जनरेशन’ मालिकेत वर्फ आला आणि क्लिंगॉन म्हणजे कंगोरे हे समीकरण पक्कं झालं. निर्मात्यांचं म्हणणं असं की ते पहिल्यापासून असेच होते, तेव्हा आम्हाला दाखवणं परवडलं नाही इतकंच.

हे उत्तर पुष्कळांना पटलं, पुष्कळांना पटलं नाही. ज्यांना पटलं नाही त्यांचा मुद्दा बिनतोड होता: पडद्यावर जे दिसलं ते घडलं. त्यात १९९४ साली भर पडली. साठच्या दशकात कोर, कँग आणि कोलॉथ या क्लिंगॉन सेनापतींची कामं करणारे जॉन कोलिकोस, मायकेल अन्सारा आणि विल्यम कॅम्पबेल हे तिघेही नट त्याच भूमिकांत परत आले, आणि तिघांच्याही कपाळावर कंगोरे! आता दोन जमाती होत्या, मिश्र संतती होती, असले सगळे तर्क कोसळले. ज्या माणसाचं कपाळ सपाट पाहिलं होतं, त्याच माणसाचं कपाळ आता उंचसखल होतं.

प्रीक्वेल, म्हणजे पूर्वकथा, करायला घेणाऱ्यासमोर असा प्रेक्षक बसलेला असतो. पुढची गोष्ट लिहिणाऱ्याला रान मोकळं असतं, कारण उद्या काय होणार हे कुणालाच माहीत नाही. मागची गोष्ट लिहिणाऱ्याचा उद्या आधीच छापून झालेला असतो आणि तो समोरच्या लाखो लोकांना तोंडपाठ असतो.

२६ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत यूपीएन वाहिनीवर ‘एंटरप्राइझ’ सुरू झाली. रिक बर्मन आणि ब्रॅनन ब्रागा हे तिचे निर्माते. गंमत म्हणजे पहिली दोन वर्षं तिच्या नावात ‘स्टार ट्रेक’ हे शब्दही नव्हते. काळ होता २१५१, म्हणजे मूळ मालिकेतला कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक यांच्या शंभरेक वर्षं आधीचा. माणूस नुकताच दूरच्या ताऱ्यांकडे निघालाय, निरनिराळ्या ग्रहांचा संघ अजून जन्मायचाय, जोनाथन आर्चर या कप्तानाच्या भूमिकेत स्कॉट बकुला आहे आणि त्याच्या खोलीत पोर्थोस नावाचा बीगल कुत्रा आहे. पहिला भाग सव्वा कोटी लोकांनी पाहिला.

मालिकेच्या कला विभागापुढची अडचण मला फार विलक्षण वाटते. १९६६ च्या मालिकेतलं तेविसावं शतक रंगीत बटणांचं, पुठ्ठ्याफळ्यांचं आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांचं होतं. एंटरप्राइझचं जग त्याहून शंभर वर्षं जुनं दिसायला हवं. पण २००१ च्या प्रेक्षकाच्या खिशात दुमडता येणारा मोबाइल होता आणि तो कर्कच्या हातातल्या संपर्कयंत्रापेक्षा लहान होता. म्हणजे एकच वस्तू १९६६ पेक्षा जुनी आणि २००१ पेक्षा नवी, अशी दोन्ही दिसायला हवी. हे गणित सुटणारं नव्हतंच. त्यांनी त्यातून काढलेली वाट मात्र सुंदर होती. जहाजाचं पोट पाणबुडीसारखं अरुंद ठेवलं, छत डोक्याला लागेल असं, भिंतींवर धातू आणि हाताला धरायच्या मुठी. अंगात नासाच्या अंतराळवीरांसारखे निळे, चेनवाले, खिशांचे पोशाख. जहाजाभोवती अदृश्य ढाली नाहीत, फक्त पत्रा विद्युतभारित करायची सोय. माणसाला क्षणात दुसरीकडे पोहोचवणारं यंत्र जहाजावर आहे, पण ते सामानासाठी. त्यात पाऊल ठेवायला खलाशी घाबरतात. कर्कच्या काळी ज्या यंत्रात लोक दारातून बाहेर पडावं तसे सहज शिरत, त्याच यंत्राच्या पहिल्या पिढीची ही भीती पाहताना तंत्रज्ञानाचा इतिहास डोळ्यांसमोर उभा राहतो.

तरीही टीका सुरू झाली, आणि पहिली ठिणगी पडली ती शीर्षकगीतावरून. स्टार ट्रेकला तोवर शब्दांविना, वाद्यवृंदाचं भव्य संगीत असे. इथं रसेल वॉटसन या गायकाचं गाणं होतं, डायॅन वॉरननं लिहिलेलं, आणि मूळचं ‘पॅच अ‍ॅडम्स’ या १९९८ च्या चित्रपटासाठी रॉड स्टुअर्टनं गायलेलं. चाहत्यांनी ते बदला म्हणून सह्या गोळा केल्या. गाणं बदललं नाही, तिसऱ्या वर्षी फक्त चाल जरा जलद केली. गाण्याच्या गदारोळात एक गोष्ट मात्र झाकोळली गेली. त्या शीर्षकदृश्यांत खरीखुरी विमानं, रॉकेटं आणि याने दिसतात आणि त्यात ‘एंटरप्राइझ’ नावाचं अमेरिकेचं पहिलं स्पेस शटलही आहे. त्या शटलला मूळ मालिकेतल्या जहाजाचं हे नाव मिळालं ते स्टार ट्रेकच्या चाहत्यांनी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांना पत्रांवर पत्रं लिहिली म्हणून. सप्टेंबर १९७६ मध्ये ते कारखान्यातून बाहेर आणलं तेव्हा मूळ मालिकेतले नट समोर उभे होते. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेनं खऱ्या यानाचं नाव ठरवलं आणि ते खरं यान पुढे काल्पनिक जहाजाचा पूर्वज म्हणून पडद्यावर आलं. कल्पना आणि वास्तव यांची अशी गुंफण मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

गाण्यानंतर खरी लढाई सुरू झाली ती आठवणीची. डिसेंबर १९६६ च्या ‘बॅलन्स ऑफ टेरर’ या भागात स्पॉक सांगतो की शतकापूर्वी माणसांचं परग्रहावरच्या रोम्युलन लोकांशी युद्ध झालं, ते आदिम जहाजांतून लढलं गेलं, तह रेडिओवरून झाला आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांचा चेहरा कधीच पाहिला नाही. एक परिच्छेदभर संवाद. पस्तीस वर्षांनी त्या परिच्छेदानं नव्या लेखकांचे हात बांधले. २००२ साली रोम्युलन आले ते फक्त आवाजानं. पात्रांना चेहरे दिसू दिले नाहीत, तिथं लेखकांनी नियम पाळला. पण त्यांची जहाजं शून्यातून प्रकट झाली आणि चाहत्यांनी तिथंच पकडलं, कारण १९६६ च्या त्याच भागात जहाज अदृश्य करण्याची विद्या ही कर्क आणि स्पॉकसाठी नवलाची गोष्ट होती. व्हल्कन लोकांवरून तर फार वाजलं. स्पॉकची ही जमात शांत, तर्कनिष्ठ, सचोटीची म्हणून लोकांच्या मनात बसलेली. इथले व्हल्कन खोटं बोलत होते, मठाच्या तळघरात हेरगिरीचं केंद्र चालवत होते, माणसाला लहान मूल समजत होते. प्रेक्षक दुखावला गेला, आणि तो दुखावला जाणं मला समजतं. ज्या माणसांबरोबर आपण वाढलो त्यांच्या आजोबांविषयी कुणी काहीबाही सांगायला लागलं तर राग येणारच.

आपल्याकडेही स्टार ट्रेक पोहोचली होती. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी कर्क आणि स्पॉक दिसत, आणि त्या पिढीतल्या अनेकांच्या तोंडी टोकदार कानांचा स्पॉक आजही आहे. अमेरिकेतल्या चाहत्यांचा हा राग कशातून आला असेल हे त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

इथं एक प्रश्न पडतो, आणि तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत गूढ वाटतो. शेवट ठाऊक असताना माणूस पूर्वकथा बघतोच का? कर्क पुढे येणार आहे, म्हणजे पृथ्वी वाचणार आहे. मग आर्चर पृथ्वी वाचवायला धडपडतो तेव्हा श्वास का अडकतो? १९८९ साली रिचर्ड गेरिग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं यावर प्रयोग केले. त्यानं लोकांना सर्वज्ञात घटनांवरचे छोटे उतारे वाचायला दिले. जॉर्ज वॉशिंग्टन पहिला राष्ट्राध्यक्ष झाला हे अमेरिकेत शाळकरी पोरही सांगेल. उताऱ्यात मात्र वॉशिंग्टन थकलाय, पद नको म्हणतोय, अशी धाकधूक रंगवलेली. वाचून झाल्यावर विचारलं, वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाला, हे खरं की खोटं? उत्तर बरोबरच आलं, पण धाकधुकीचा उतारा वाचलेल्यांना ते द्यायला जास्त वेळ लागला. म्हणजे गोष्टीत शिरलेलं मन स्वतःजवळची खात्रीची माहिती क्षणभर बाजूला ठेवतं. कीर्तनाला बसलेल्या माणसाला हरिश्चंद्राचं पुढे काय होणार हे लहानपणापासून ठाऊक असतं, तरी तारामतीवर तलवार उगारली की त्याच्या पोटात गोळा येतो, तो याचमुळे.

२०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोमधल्या दोन संशोधकांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी बारा लघुकथा निवडल्या, काही वाचकांना शेवट आधीच सांगितला आणि नंतर गोष्ट कशी वाटली ते विचारलं. शेवट माहीत असलेल्यांना गोष्टी जास्त आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांत उलट निष्कर्षही निघाले, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. पण मला जाणवतं ते असं: शेवट माहीत असला की ‘काय होणार’ हा प्रश्न संपतो आणि ‘कसं झालं’ हा सुरू होतो, आणि दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा खोल आहे. पूर्वकथेचा प्रेक्षक हा दुसरा प्रश्न घेऊन आलेला असतो. त्याला बारीकसारीक विसंगती खुपते ती याचमुळे. ‘कसं झालं’ याचा हिशेब लागत नसेल तर त्याच्या हातात काहीच उरत नाही.

एंटरप्राइझचा प्रेक्षक ओसरत गेला. चौथ्या वर्षी आकडा तीसेक लाखांवर आला होता. त्याच चौथ्या वर्षी मॅनी कोटो या लेखकाकडे मालिकेची सूत्रं गेली, आणि हा माणूस स्वतः स्टार ट्रेकचा निस्सीम चाहता होता. चाहत्यांच्या तक्रारींची जणू वही समोर ठेवून तो कामाला बसला असं त्या वर्षीचे भाग पाहताना वाटतं. व्हल्कन खोटे का? तीन भागांच्या कथेतून उत्तर आलं: त्यांचा आद्य गुरू सुराक याची मूळ शिकवण हरवली होती, सत्ताधीशांनी ती वाकवली होती, आणि आर्चरच्या मदतीनं ती पुन्हा सापडली. तीन वर्षांचा दोष एका फटक्यात कथानकाचा पाया झाला. स्पॉकचे सचोटीचे व्हल्कन हे त्या सुधारणेचं फळ ठरले. टीकेला इतकं सर्जनशील उत्तर दिलेलं मी क्वचित पाहिलंय.

आणि मग कपाळ. फेब्रुवारी २००५ मध्ये ‘अफ्लिक्शन’ आणि ‘डायव्हर्जन्स’ हे दोन भाग आले. कथा अशी की माणसांनी एके काळी जनुकं बदलून अतिमानव बनवले होते. त्यांचे भ्रूण क्लिंगॉनांच्या हाती लागतात आणि आपले सैनिकही तसे बलाढ्य करावेत म्हणून ते प्रयोग करतात. प्रयोगातल्या एकाला साधा फ्लू झालेला असतो. त्या फ्लूच्या विषाणूत बदललेली जनुकं मिसळतात आणि हवेतून पसरणारी साथ उसळते. रोगी आधी कपाळाचे कंगोरे गमावतो, मग प्राण. जहाजावरच्या डॉक्टर फ्लॉक्सला पळवून आणलं जातं आणि इलाज शोधायला लावलं जातं. इलाज सापडतो, पण तो रोगाला पहिल्याच पायरीवर थांबवतो. जीव वाचतो, कंगोरे जातात. लाखो क्लिंगॉन सपाट कपाळानं जगणार आणि त्यांची मुलंही तशीच जन्मणार.

पहिल्या प्रसंगातल्या दोन शंका आठवा, जनुकांतला फेरफार की विषाणू? दोन्ही खऱ्या निघाल्या. क्लिंगॉन योद्धा परक्यांशी यावर का बोलत नाही, तेही कळलं, कारण स्वतःच्या हावेनं ओढवलेली ती जमातीची शरम होती. आणि क्लिंगॉन शास्त्रज्ञ शेवटी कपाळं पुन्हा घडवण्याच्या शस्त्रक्रियेत शिरावं म्हणतो तेव्हा कोर, कँग, कोलॉथ यांचे कंगोरे परत कसे आले त्याचीही सोय लागते. १९६७ ची पैशांची टंचाई, १९७९ चा नवा मुखवटा, १९९४ ची चूक आणि १९९६ ची टोलवाटोलवी हे सगळं दोन भागांत एकसंध इतिहास होऊन गेलं. काही चाहते म्हणाले की ही उठाठेव नको होती, रंगभूषा म्हणून सोडून द्यायचं. मी त्यांच्याशी सहमत नाही. सव्वीस वर्षं कुणीतरी प्रामाणिकपणे प्रश्न विचारत राहिलं आणि कुणीतरी तितक्याच प्रामाणिकपणे उत्तर शोधलं, याचं मोल मला फार वाटतं.

या कथेत भारताचाही धागा आहे. ज्या अतिमानवांची जनुकं क्लिंगॉनांना भोवली, त्यांच्यातला सर्वांत गाजलेला म्हणजे खान नूनियन सिंग. १९६७ च्या ‘स्पेस सीड’ या भागात तो गोठवलेल्या झोपेतून जागा होतो. जहाजावरची इतिहासतज्ज्ञ त्याला पाहून अंदाज करते की हा उत्तर भारतातला, बहुधा शीख. भूमिका केली मेक्सिकन नट रिकार्डो मोंतालबाननं. त्या भागानुसार खाननं १९९२ ते १९९६ या काळात पृथ्वीच्या पाव भागावर राज्य केलं. आपण ती वर्षं जगलो आणि तसं काही झालं नाही. प्रीक्वेलला या विसंगतीचंही ओझं वाहावं लागलं. २०२३ साली ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या मालिकेत काळात ढवळाढवळ करणारी एक हेर चिडून सांगते की हे सगळं १९९२ मध्ये व्हायचं होतं, इतिहास पुढे ढकलला गेला. काल्पनिक इतिहासानं आपल्या कॅलेंडरशी जुळवून घेतलं!

दुर्दैव असं की उत्तरं मिळायला लागली तेव्हा वेळ निघून गेली होती. २ फेब्रुवारी २००५ रोजी मालिका बंद होत असल्याचं जाहीर झालं. तिच्या लगेच आधीच्या तिन्ही मालिका सात-सात वर्षं चालल्या होत्या, ही चार वर्षांत, ९८ भागांवर संपली. कालपर्यंत नावं ठेवणारे चाहते आता तिच्यासाठी स्टुडिओच्या दारात जमले, पाचव्या वर्षासाठी पैसे उभारायला लागले. स्टुडिओनं नकार दिला. १३ मेच्या शेवटच्या भागात आर्चरची गोष्ट पुढच्या काळातला, ‘नेक्स्ट जनरेशन’मधला रायकर आभासी खोलीत बसून पाहतो असं दाखवलं आणि लाडका अभियंता ट्रिप टकर मारला गेला. निर्मात्यांना तो चाहत्यांना दिलेला नजराणा वाटत होता. चाहत्यांना वाटलं, आमच्या माणसांना स्वतःच्या निरोपसमारंभात पाहुणं केलं. तो राग इतका खोल होता की २००७ च्या एका अधिकृत कादंबरीनं ट्रिपचा मृत्यू हा बनाव होता असं लिहून त्याला जिवंत केलं.

पुढची बारा वर्षं दूरचित्रवाणीवर नवी स्टार ट्रेक आली नाही. २०१७ मध्ये ‘डिस्कव्हरी’ आली, तीही पूर्वकथा, कर्कच्या दहा वर्षं आधीची. क्लिंगॉनांचं रूप पुन्हा बदललं होतं, आता डोक्यावर केसच नव्हते. पुन्हा ओरड झाली. दुसऱ्या वर्षी केस परत आले आणि युद्धकाळात डोकी भादरली होती असं सांगितलं गेलं. मालिकेची नायिका ही स्पॉकची मानलेली बहीण, जिचा स्पॉकनं पन्नास वर्षांत चकार शब्द काढला नव्हता. त्यावर शेवटी जहाजच नऊशेतीस वर्षं पुढे पाठवलं आणि त्याचं नावही काढायचं नाही, काढलं तर राजद्रोह, असा नियम स्पॉकच्याच तोंडून करवून घेतला.

पण याच डिस्कव्हरीत पूर्वकथेचा सर्वांत मोठा शोध लागला, असं माझं मत आहे. तो शोध म्हणजे कप्तान पाइक. हा माणूस १९६४ साली चित्रित झालेल्या ‘द केज’ या पहिल्या नमुनाभागाचा नायक. एनबीसी वाहिनीनं तो भाग नाकारला, नायक बदलला, कर्क आला. नाकारलेली फीत वाया जाऊ नये म्हणून नोव्हेंबर १९६६ मध्ये ‘द मेनॅजरी’ या दोन भागांत ती वापरली. त्यात पाइकचा शेवट दाखवला होता: विद्यार्थ्यांना किरणोत्सर्गातून वाचवताना होरपळलेला, पेटीवजा खुर्चीत जखडलेला, बोलता न येणारा. समोरचा दिवा एकदा लुकलुकला तर हो, दोनदा लुकलुकला तर नाही. कुणाही चाहत्याला ती खुर्ची विसरता आलेली नाही.

अ‍ॅन्सन माउंटनं साकारलेला पाइक डिस्कव्हरीत आला तेव्हा लेखकांपुढे तोच जुना पेच होता. याचं काय होणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी काय केलं, तर ते पाइकलाही सांगून टाकलं. क्लिंगॉनांच्या मठात त्याला एक कालस्फटिक मिळवायचा असतो आणि त्यासाठी स्वतःचं भविष्य पाहावं लागतं. तो ती खुर्ची पाहतो. स्फटिक सोडून निघून गेलास तर यातून सुटशील, असं त्याला सांगितलं जातं. तो स्फटिक उचलतो. प्रेक्षकाजवळचं ज्ञान पात्राच्या हाती दिल्याबरोबर पूर्वकथेचा दोषच तिचा गाभा झाला. चाहत्यांनी या माणसाची स्वतंत्र मालिका मागितली, सह्यांची निवेदनं निघाली, २०२० मध्ये घोषणा झाली आणि मे २०२२ मध्ये ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ सुरू झाली. १९६५ साली नाकारलेला कप्तान सत्तावन्न वर्षांनी आपल्या जहाजावर परतला.

त्या मालिकेत पाइक ज्या मुलांना वाचवताना होरपळणार आहे त्यांची नावं पाठ म्हणतो. पहिल्या वर्षाच्या शेवटच्या भागात त्यांच्यातलाच एक मुलगा त्याला समोर भेटतो. अजून लहान आहे. पाइक त्याला सावध करणारं पत्र लिहायला बसतो, आणि तेवढ्यात म्हातारा पाइक भविष्यातून येऊन त्याचा हात थांबवतो. अपघात टळला तर काय होईल ते तो त्याला दाखवतो. दाखवण्यासाठी निवडलेला प्रसंग म्हणजे १९६६ चा तोच रोम्युलन भाग, आता कर्कच्या जागी पाइक. दिवस तोच, शत्रू तोच, कित्येक संवादही तेच. शेवट मात्र महायुद्धाचा आणि स्पॉकच्या भयंकर जखमांचा. पत्र पूर्ण होत नाही.

यातलं काहीच पाहिलेलं नसेल, तर एक सांगतो. कथेतल्या काळानुसार, म्हणजे आर्चर आधी, मग पाइक, मग कर्क असं पाहू नका. ज्या क्रमानं ते बनलं त्या क्रमानं पाहा. पूर्वकथा ही आठवण असलेल्या माणसासाठी लिहिलेली असते, ती आठवण आधी कमवायला हवी. आधी १९६६ चे ‘द मेनॅजरी’ आणि ‘बॅलन्स ऑफ टेरर’ हे भाग पाहा, पुठ्ठ्याच्या भिंती आणि लुकलुकणाऱ्या बटणांसकट. त्यानंतर डिस्कव्हरीतला मठाचा भाग आणि मग पाइकच्या पहिल्या वर्षाचा शेवट. एका रविवारी हे पाचही भाग आरामात बघून होतील.